निरंक

लॅमिनेट केलेल्या त्या कागदाला मेथीचा वास येत होता. कौशल्याबाईंनी तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्या एका कोपऱ्याला ओलं पान चिकटलेलं होतं. कुंदन यांनी कागद पेनाच्या टोकानं माझ्याकडे सरकवला, मग खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून आधी पेन पुसलं, नंतर बोटं. मेथीला कोणी इतकं भीत नाही. ते कशाला भीत होते हे हॉलमधल्या सगळ्यांना कळलं. कौशल्याबाईंनाही कळलं. त्यांनी हात पदराखाली घेतले.

आमची समिती अकोल्याच्या एका विश्रामगृहात बसली होती. आम्ही तिघं होतो. अध्यक्ष गोवर्धन साहेब, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. कुंदन, प्रकल्पाचे प्रतिनिधी. आणि मी. अमरावतीच्या एका कॅन्सर रुग्णालयात मी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे. समितीत मला 'तांत्रिक सदस्य' म्हणून घेतलं होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका अणुवीज प्रकल्पात अपघात झाला होता. प्रकल्पाच्या कागदांत त्याला अजूनही 'घटना' म्हणतात. इमारतीच्या तळघरात दूषित पाणी भरलं. जवळपासच्या गावांतली माणसं आत उतरायला तयार होईनात, म्हणून मुकादमांनी लांबून माणसं नेली. पातूर तालुक्यातून एकतीस जण गेले. बादल्या, पोती आणि फडकी घेऊन त्यांनी अडीच महिने ते तळघर पुसलं. आता त्यातले अकरा वारल्यावर न्यायालयानं बाधितांची यादी करायला सांगितली होती. यादीत नाव आलं की मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आयुष्यभर उपचार. वारलेल्यांच्या बायकामुलांनाही तपासणीचा हक्क. नाही आलं तर नमस्कार.

नियम सरळ होता. कामगाराच्या अंगावरच्या, किरण मोजणाऱ्या बिल्ल्यावर वीस मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून जास्त मात्रा नोंदली गेली असेल तर तो बाधित. मात्रा मोजलीच गेली नसेल, तर त्या तुकडीतल्या सर्वांत मोठ्या मात्रेइतकी ती धरायची, म्हणजे तोही बाधित. मात्रेबद्दल वाद झाला तर तांत्रिक सदस्याचं लेखी मत अंतिम.

कौशल्याबाईंशेजारी त्यांचे यजमान जानराव बसले होते. वय अठ्ठावन्न, दिसायला सत्तरीचे. हातांवर जांभळे डाग होते, नुसतं दाबलं तरी उमटणारे. त्यांच्या हाडांतला मगज रक्त बनवायचं विसरत चालला होता. दर तीन आठवड्यांनी अकोल्यात रक्त चढवायचं आणि पातूरला परत जायचं, असं दीड वर्ष चाललं होतं. मागच्या दोन वेळी रक्त चढवून आठ दिवसही त्यांनी तग धरला नव्हता. मुंबईला नेल्याशिवाय काही होणार नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

मी लॅमिनेट केलेला कागद वाचला. प्रकल्पाचं बोधचिन्ह, नाव, बिल्ला क्रमांक ४१७, कालावधी. खाली टंकलेली ओळ: 'प्राप्त मात्रा: निरंक.'

हा शब्द आपल्या कचेऱ्यांमध्ये सगळीकडे असतो. रकाना रिकामा सोडायचा नाही म्हणून लिहितात. थकबाकी निरंक, तक्रारी निरंक. मीही दर तिमाहीला रुग्णालयाच्या अहवालात तो लिहिते. घरात पाय पुसायला टाकलेल्या चिंधीसारखा शब्द आहे तो. खाली काय आहे ते कोणी पाहत नाही.

कौशल्याबाईंनी मात्र तो कागद आयुष्यभर जपला होता. जानराव परत आल्यावर गावानं त्यांना 'बिल्लेवाले' म्हणायला सुरुवात केली. पातूरच्या बाजारात त्यांची वांगी कोणी घेईना. किरणांची भाजी म्हणत. मग कौशल्याबाईंनी हा कागद एका मास्तरांकडून वाचून घेतला. मास्तर म्हणाले, निरंक म्हणजे काहीही नाही, तुमचा माणूस स्वच्छ आहे. त्यांनी तो प्लास्टिकमध्ये घालून आणला आणि भाजीच्या दुकानावर, लिंबूमिरचीच्या शेजारी टांगला. गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. पुढे मुलीला, आरतीला, पाहायला पाहुणे आले तेव्हा चहाच्या आधी हा कागद पुढे केला गेला. पाहुण्यांनी तो दोनदा वाचला आणि मग चहा घेतला.

हे सगळं त्यांनी न विचारताच सांगितलं. त्यांना वाटत होतं की सरकारी कागद जितका जुना आणि जपलेला, तितका तो आपल्या बाजूचा.

"झालं मग," कुंदन म्हणाले. "पुरावा तुम्हीच आणलाय. बाई, तुमच्या यजमानांना काहीही झालेलं नाही असं हा कागद म्हणतो."

"मंग हे काहून झालं जी?" कौशल्याबाईंनी जानरावांचा हात उचलून दाखवला.

गोवर्धन साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं नाही. ते प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. हॉलच्या कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये आदल्या कोणत्या तरी बैठकीची लाल पिंक वाळून चिकटली होती आणि तिच्यावर आजची ताजी होती. बाजूच्या टेबलावर आलुबोंडे आले होते. त्यांचं तेल वर्तमानपत्रातून झिरपून खालच्या फाइलवर उतरत होतं. ती फाइल वारलेल्यांची होती.

मी यादी पाहत होते. एकतीस नावं. आठ जणांचे आकडे मोठे होते, चाळीसपासून चौऱ्याण्णव मिलिसिव्हर्टपर्यंत. बावीस जणांचे दोन किंवा तीन. हे तळघराबाहेर पोती वाहण्याच्या कामावर असतील असं मी धरून चालले होते. शेवटी कामगारांच्या छावणीतली आणखी दोन माणसं जोडली होती: चहावाला, तीन. फाटकावरचा पहारेकरी, दोन. आणि जानराव, तळघर, एकसष्ट पाळ्या: निरंक.

तळघरात एकसष्ट वेळा उतरलेल्या माणसाला चहावाल्यापेक्षा कमी मात्रा मिळत नाही. बाहेर नुसता झोपला असता तरी दोन आले असते. हा आकडा त्या जागेचाच नव्हता. तो बिल्ला तिथे गेलेलाच नव्हता.

मी जानरावांना विचारलं, बिल्ला कुठे लावत होता?

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहत ते सांगू लागले. बिल्ले प्रकल्पावर मिळाले नव्हते. मुकादम पुंजाराम यानं ते निघायच्या दिवशी सकाळी पातूरला, स्वतःच्या अंगणात वाटले होते. काड्यापेटीएवढी प्लास्टिकची डबी, मागे चिमटा, आत तीन चकत्या, वर नंबर. पुंजारामनं समजावून सांगितलं होतं ते जानरावांना शब्द न् शब्द आठवत होतं.

"तो म्हने, हा बिल्ला किरणं पेते. भरला का तुमचं काम बंद, घरी वापस. मी म्हटलं, पेतेच ना हा? घरी आरती तापानं फणफणून राहिली होती, तीन वर्साची होती. माह्यं काय, मी तं धडधाकट होतो." ते थांबले. "काया दोऱ्यात ओवला अन् तिच्या गयात बांधला. अन् बसलो गाडीत."

गोवर्धन साहेब हसले. वाईट हेतूनं नाही. गोष्ट ऐकून माणूस हसतो तसे. "ताईत केला म्हणा की. मग, उतरला का ताप?"

"उतरला नं साहेब," कौशल्याबाई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी."

साहेब आणखी हसले. त्यांच्या दातांत खर्रा दिसला.

अडीच महिन्यांनी काम संपत आलं तेव्हा पुंजाराम दुसऱ्या कामासाठी नवी माणसं न्यायला पातूरला आला होता. यादीत एक बिल्ला कमी पडत होता. तो थेट घरी आला, पोरीच्या गळ्यातला दोरा दातानं तोडला, डबी खिशात घातली आणि निघून गेला. म्हणजे त्याला माहीत होतं. ती डबी इतरांच्या डब्यांबरोबर मोजायला गेली. मशीननं तिच्यात जे होतं ते इमानदारीनं सांगितलं. पातूरच्या एका घरात, आईच्या कडेवर, एका तीन वर्षांच्या पोरीला अडीच महिन्यांत जेवढे किरण मिळाले तेवढे. म्हणजे जगात कुठेही मिळतात तेवढेच. ते वजा करतात. उरलं निरंक.

बिल्ला किरणं पितो, हे पुंजारामचं वाक्य अगदीच चूक नव्हतं. तो पितो, पण स्वतःपुरती. अंगावरची शोषून घेत नाही. हा फरक त्या अंगणात सांगायला कोणी नव्हतं. फरक माहीत असलेली माणसं गाव सोडून, पदवी घेऊन, माझ्यासारखी कुठे तरी नोकरीला होती.

मी म्हटलं, यांची मात्रा निरंक नाही. यांची मात्रा मोजलीच गेलेली नाही. शून्य आणि मोजलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुंदन यांनी याची तयारी ठेवली होती. "म्हणजे यांनी बिल्ला लावला नाही. सुरक्षा नियमाचा भंग. मॅडम, लावला असेल तर निरंक, आणि नसेल लावला तर चूक त्यांची. दोन्हीकडून केस बंद होते." ते हे इतक्या समाधानानं म्हणाले की मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. "आणि ही ताईताची कथा आज सुचलेली नाही कशावरून? काही पुरावा?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. मीही तोच विचारला असता. आकडा विचित्र आहे एवढ्यावर मी सही करणार नव्हते. बिल्ला इतर कशानंही कोरा राहू शकतो.

कौशल्याबाई म्हणाल्या की फोटो आहे. त्यांचं माहेर कौंडण्यपूरजवळचं. जानराव कामावर असताना त्या आरतीला घेऊन कार्तिकातल्या जत्रेला गेल्या होत्या आणि तिथल्या फोटोवाल्याकडून पोरीचा फोटो काढला होता. गळ्यात बिल्ला होता. नंबरही दिसत होता. फोटो आता आरतीकडे, अमरावतीला, राजापेठेत.

अध्यक्षांनी गुरुवारची तारीख दिली. फोटो मी पाहून येऊ का, असं विचारल्यावर म्हणाले, जा ना, तुमच्याच गावात आहे. मग आलुबोंड्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले तर क्ष-किरण विभागातला तंत्रज्ञ मनोज बिल्ल्याशिवाय काम करत होता. विचारलं तर ओशाळून ड्रॉवर उघडला. त्यात तीन बिल्ले होते, त्याचा आणि दोन सहकाऱ्यांचे, रबरबँड लावून ठेवलेले. हरवू नयेत म्हणून, म्हणाला. मी मागची कागदपत्रं काढली. तिघांचे आकडे वर्षभर सारखे होते. शून्य, शून्य, शून्य. चार तिमाही अहवालांवर खाली 'निरंक' लिहून मी सही केली होती. सही छान, गोलाकार होती. मला तिचीच किळस आली.

संध्याकाळी राजापेठेत गेले. आरतीचं घर मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. शेजारी शिकवणी सुटली होती. जिन्यापर्यंत दुचाक्या लागलेल्या. आरती तिशीची, वडिलांच्याच कपाळाची. मी ओळख सांगितली तेव्हा तिनं आधी मागे वळून पाहिलं. मागे तिच्या सासूबाई माणिकबाई पालक निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत आणि जाण्याचं नावही घेतलं नाही.

मी फोटोबद्दल विचारलं. आरती म्हणाली, असा फोटो नाही.

"कायचा फोटो?" माणिकबाईंनी विचारलं. मी सांगितलं नाही. पण त्यांना उत्तर नकोच होतं. "आमी तं बाई, कागद पाहूनच सोयरीक केली. निरंक होता. साफ. आता कायले उकरून राहिले हे लोक? उद्या आमच्या खुशीचं पाहा लागीन."

खुशी सात वर्षांची होती. तिनं मला पाणी आणून दिलं. परत जाताना तिनं बाल्कनीकडे पाहिलं म्हणून मीही पाहिलं. तिथे मोरीच्या नळीशेजारी, फरशीवर, स्टीलचा एक पेला पालथा ठेवलेला होता. वरून लाल दोरा बांधलेला. मी कशाचा म्हणून विचारलं.

"पातूरच्या आबाचा," खुशी म्हणाली. "तो घरात नाई आणायचा."

माणिकबाई पालकाची देठं मोडत राहिल्या. कागद साफ, आणि पेला मोरीशेजारी. त्यांनाच तेवढं कशाला बोलायचं. कुंदन यांचं पेन आणि हा पेला एकाच हातानं पुसल्यासारखे होते. मी पाणी प्यायले नाही. प्यायला हवं होतं.

आरती खाली फाटकापर्यंत सोडायला आली. दुचाक्यांच्या आवाजात तिनं हळूच विचारलं, "मॅडम, त्या बिल्ल्यातून काही निघते का? माझ्या गळ्यात होता ना तो. म्हणून खुशीले उद्या काही..."

हे विचारायला तिला सत्तावीस वर्षं कोणी भेटलं नव्हतं. मी सांगितलं, थर्मामीटर जसा ताप मोजतो, ताप देत नाही, तसाच हा बिल्ला. त्यातून काहीही निघत नाही. आणि तो तुमच्या वडिलांबरोबर गेलाच नव्हता. "कागदावर जे निरंक आहे ना, ते तुमच्या बाबांचं नाही. ते तुमचं आहे. मोजलं गेलं ते तुम्हाला."

तिनं वर बाल्कनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फोटो आहे. पण त्यात काही दिसत नाही आता." आणि जिना चढून गेली.

गुरुवारी ती अकोल्याला आली. एकटीच. जानरावांना दोन दिवसांपूर्वी रक्त चढवलं होतं, तरी त्यांना बाकावर आडवं व्हावं लागलं होतं. आरती त्यांच्या डोक्याशी बसली. तिला पाहून कौशल्याबाई आधी खूश झाल्या, मग घाबरल्या. सासरी सांगून आलीस का, असं त्यांनी तीनदा विचारलं. आरती म्हणाली, सांगून आले. त्यावर सासू काय म्हणाली ते तिनं सांगितलं नाही.

तिनं फोटो टेबलावर ठेवला. मागे रंगवलेला महाल, पुढे स्टुलावर उभी केलेली काजळ घातलेली पोर. गळ्यातून दोन्ही बाजूंनी काळा दोरा खाली येत होता, आणि छातीवर जिथे तो मिळतो तिथे फोटोच नव्हता. एक आयत खरवडून काढला होता, पांढरा कागद दिसेपर्यंत. मागे फोटोवाल्याचा शिक्का आणि नोव्हेंबरची तारीख.

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना हे माहीत नव्हतं.

कुंदन यांनी फोटोला हात लावला नाही, वाकून पाहिला. "यात तर काहीच नाही. भोक पडलेला फोटो पुरावा म्हणून धरायचा का साहेब? ताईत असेल. लॉकेट असेल."

आरती उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता. "ताईत असता तं कोन खरवडला असता साहेब? ताईत तं सगळ्या पोराइच्या गळ्यात असते. मले पाहायले पाहुणे येणार होते. फोटोत बिल्ला दिसला असता तं त्यायनं बाबाचा कागद वाचलाच नसता. मीच खरवडला. ब्लेडनं." मग खाली बसता बसता ती म्हणाली, "मले वाटलं, बिल्ला म्हणजे घाण."

जानरावांनी डोळे मिटून घेतले.

मी पिशवीतून रुग्णालयातली रिकामी डबी आणि मोजपट्टी काढली. बिल्ल्यांचं माप इतक्या वर्षांत बदललेलं नाही. खरवडलेल्या आयताची लांबी आणि रुंदी मी तीनदा मोजली. गुणोत्तर जुळलं. ते इतर कशाशीही जुळू शकतं, म्हणून मी भिंग लावलं. वरच्या कडेला ब्लेड पोचलं नव्हतं. तिथे दोऱ्याच्या गाठीखाली चिमट्याचा पत्रा होता, दोन दात असलेला. असा चिमटा लॉकेटला नसतो. त्या तारखेला जानराव तळघरात पाळीवर होते असं प्रकल्पाच्याच हजेरीपटावर होतं. मी हे सगळं क्रमानं लिहिलं. कुंदन म्हणाले होते त्या चुकीबद्दलही लिहिलं: यादीचा नियम फक्त मात्रा मोजली गेली की नाही एवढंच विचारतो, का मोजली गेली नाही हे विचारत नाही. शेवटी लिहिलं, 'निरंक ही नोंद चुकीची. मोजणी नाही.' आणि सही केली. यावेळी अक्षर वाईट आलं.

कुंदन यांनी ते वाचलं. नियमापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. त्यांनी खांदे उडवले.

नोंदी करणारी पौर्णिमा कॉम्प्युटरवर बसली होती. तिनं दोनदा टाइप केलं आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, हे अक्षरं घेतच नाही. आकडाच मागते. रिकामं सोडलं तं आपोआप शून्य येऊन राहिलं." तिनं स्क्रीन फिरवून दाखवली. जानराव यांच्या नावापुढे शून्य होतं आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात, कोणी न लिहिता, 'निरंक' उमटलं होतं.

हा तक्ता कोणी तरी बसून बनवला होता. खुर्चीत, पंख्याखाली, चहा पीत. माहीत नाही असं म्हणायला त्यानं जागाच ठेवली नव्हती.

"चौऱ्याण्णव टाका," मी म्हटलं. "नियमात तुकडीतली सर्वांत मोठी मात्रा धरायची आहे."

तिनं टाकलं. गोवर्धन साहेबांनी छापील कागदावर सही केली. त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा जानरावांच्या नावावर उमटला. कौशल्याबाईंनी तो पदरानं टिपायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. मुंबईला कधी जायचं, कोणाला भेटायचं, हे पौर्णिमेनं त्यांना लिहून दिलं.

जानराव उठून बसले. त्यांनी मला विचारलं, "मंग बाई, माह्यं खरं किती होतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "कोणी मोजलं नाही. आता कळणारही नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना राग आला नाही, याचाच मला राग आला.

लॅमिनेट केलेला कागद टेबलावर तसाच राहिला होता. कौशल्याबाईंना त्याचं काय करावं ते कळेना. इतकी वर्षं ज्याला हळदकुंकू लावलं तो कागद खोटा निघाला होता. त्या तो उचलून मला देऊ लागल्या. आरतीनं मधेच हात घातला.

"माय, तो माहा आहे," ती म्हणाली. तिनं तो नीट पुसला आणि पर्समध्ये ठेवला. राजापेठेत तो कुठे टांगणार ते तिनं सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे मोरीशेजारचा पेला आला. तो पेला या कागदानं आत येणार होता असं मला वाटलं नाही.

जाता जाता जानराव दारात थांबले. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "अन् खिळ्यावाल्याईचं कसं करता?"

मला कळलं नाही. कोण खिळ्यावाले?

ते म्हणाले, ज्यांच्याकडे बिल्ले होते त्यातले आठ जण प्रकल्पाच्या इंजिनिअरच्या हाताखाली होते, त्यांना लावूनच उतरावं लागे. बाकीच्यांचे पुंजाराम सकाळी काढून घ्यायचा. भरले तर माणसं परत पाठवावी लागतील म्हणून. छावणीत त्याच्या झोपडीच्या दारामागे एक खिळा होता. सगळ्यांचे बिल्ले अडीच महिने त्या एकाच खिळ्याला टांगलेले होते.

ते गेले. कुंदन उठले, हात पुसले, माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अभिनंदन मॅडम. चला, एकाचं तरी भलं झालं." आणि आलुबोंड्यांचा कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर माशी बसली होती. त्यांनी ती बोटानं उडवली आणि तोच आलुबोंडा उचलला.

मी यादी पुढे ओढली. बावीस नावं. तीन, तीन, दोन, तीन, तीन. सात जणांच्या नावांपुढे 'मृत'. चहावाल्याच्या आकड्याइतकेच आकडे, छावणीतल्या आकड्याइतके. मी आठवडाभर ही पानं उलटत होते आणि मला ते बाहेरच्या कामावरचे वाटले होते. मनोजचा ड्रॉवर उघडून पाहिल्यावरही मला हे सुचलं नव्हतं. बावीस माणसांची मात्रा म्हणून इथे जे लिहिलं होतं ती एका खिळ्याची मात्रा होती.

त्यांच्याकडे जत्रेतला फोटो नव्हता. आकडे होते, सगळे सारखे.

पौर्णिमेनं पुढची फाइल उघडली. गोवर्धन साहेब बेसिनपाशी जाऊन थुंकले आणि म्हणाले, जेवण करून घेऊ, नंतरचे दोन दोन मिनिटांचे आहेत.

"एकेक नको," मी पौर्णिमेला म्हटलं. "बावीसही फाइली एकदम काढा. आणि त्यांची जी माणसं बाहेर बसलीत त्या सगळ्यांना आताच आत बोलवा."